समोरचं रान

वैजनाथनं दांडी पुढं रेटून विमानाचं नाक खाली झुकवलं. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं होतं. समोरचा पंखा थांबला होता आणि खालच्या केळीच्या बागेतलं कुत्रं भुंकलेलंही ऐकू येत होतं.

"काहून बंद केलं?" मागच्या सीटवरून पुनमनं विचारलं.

"म्या न्हाई केलं."

"मंग खाली जाऊन राहिलो का आपण?"

तिनं मागून त्याचा शर्ट मुठीत धरला.

घरामागच्या शेडमध्ये त्यानं हे विमान स्वतः जोडलं, तेव्हा सगळ्या डोंगरकडा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. आजवर तो एकटाच उडायचा. बायकोला आज पहिल्यांदा घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते पुनमच्या जिवानं चुकवावं लागेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

जिथून उडाले तो माळ मागं राहिला होता. वळ, वळ, असं हात म्हणत होते. पण एवढ्या कमी उंचीवर वळलेलं विमान दगडासारखं कोसळतं, हे शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. समोर विजेच्या तारा, पलीकडं हळद काढून मोकळं झालेलं रान. तिथवर पोहोचू की नाही, कुणास ठाऊक. देवाचं नावसुद्धा आठवेना.

"डोकं खाली घाल. हातानं झाक."

तारा चाकांखालून गेल्या. माती एकदम वर आली. चाकं भुसभुशीत रानात रुतली, विमानाला मोठा हिसका बसला आणि पट्टा छातीत करकचला.

मागून पुनमचं रडणं ऐकू आलं. रडणं ऐकून त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिला बांधावर बसवून तो इंजिनाकडं गेला. निघण्याआधी त्यानं सगळं तपासलं होतं. हवा ओढायच्या तोंडात त्यानं बोटं घातली. आत अडकलेला एक बोळा त्यानं ओढून काढला. बेलाची पानं आणि झेंडूच्या पाकळ्या.

तेवढ्यात त्याची आई, गोजरबाई, अनवाणी धावत आली. तिनं सुनेला कवटाळलं, मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"नागनाथानं राखलं रे लेकरा! तू इमानाला हार घालू देईना, म्हणून म्या तुझी पाठ फिरल्यावर औंढ्याचं बेलफूल गुपचूप त्याच्या नाकपुडीत खुपसलं. वाऱ्यानं उडू न्हाई म्हणून पार आत."

पुनमनं नवऱ्याच्या मिटलेल्या मुठीकडं पाहिलं.

"व्हय, आई," वैजनाथ म्हणाला. "त्यानंच राखलं."

"मंग आता दर बारीला म्याच ठेवीन," गोजरबाईनं डोळे पुसले. "आनखी खोल."