‘कीप’चे हरवलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांचे नव्हे, शब्दकोशाचे. माझ्या माथ्यावर ‘कीप’ हे इंग्रजी क्रियापद आहे आणि खाली कोशकार सरांच्या बारीक अक्षरात त्याचे अर्थ: ठेवणे, जपणे, पाळणे, करत राहणे. शेवटचा अर्थ ‘मौन राखणे’. त्याच्यापुढची उदाहरणाची ओळ मात्र कोरी होती.

या शब्दाचे मूळ शोधताना सर हैराण झाले. हजारेक वर्षांपूर्वी त्याचा अर्थ पकडणे, लक्ष ठेवणे असा होता, एवढेच कळले. शेजारच्या कार्डांची इतर भाषांत चुलत-मावस भावंडे निघाली, माझे कोणीच निघाले नाही.

“याला नातेवाईकच नाहीत हो,” सर म्हणाले.

“असू द्या सर, आपण आहोत की,” त्यांच्या मदतनीस बाई म्हणाल्या. मला फार बरे वाटले.

खणातून कार्ड काढले की त्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची, हा सरांचा नियम. त्यावरून ते बाईंना सारखे टोकत. पण एका दुपारी पत्नीची तब्येत बिघडल्याचा निरोप आला आणि सर मला हातात घेऊनच घरी धावले. चिठ्ठी राहिली. पत्नीला वाचून दाखवताना त्यांनी मला खूण म्हणून पुस्तकात घातले. दोन दिवसांनी ती गेली. पुस्तक मिटले ते मिटलेच.

त्याच आठवड्यात बाकीची कार्डे छापखान्यात गेली. कोश आला तेव्हा त्यात ‘कीपर’ होता, ‘कीप’ नव्हता. लेक हजर, बाप बेपत्ता! लोक हसले. सरांनी बाईंना घरी बोलावले.

“एक कार्ड सांभाळता आलं नाही तुम्हाला?”

बाई काहीच बोलल्या नाहीत. चपला घालून गेल्या, त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. मी हाताच्या अंतरावर, कपाटात. ओरडावेसे वाटले, पण कार्डाला कुठला आवाज!

नऊ वर्षे अंधारात गेली. परवा पुस्तक रद्दीत देण्याआधी सरांनी ते चाळले आणि मी त्यांच्या मांडीवर पडले. मला खिशात घालून ते थेट बाईंच्या दारात गेले.

“बाई, कार्ड माझ्याकडेच होतं.”

“माहीत होतं, सर. नेताना पाहिलं होतं मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“वहिनी नुकत्याच गेल्या होत्या. जीभच रेटली नाही.”

सरांनी डोळे पुसले आणि तिथेच माझी कोरी ओळ भरली: ‘बाईंनी मौन राखले.’

“परत याल?” त्यांनी विचारले. बाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली.

आता मी माझ्या खणात आहे. खण कोणी उघडत नाही, फार एकटे वाटते. मित्रांनो, काही हरवले तर दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी आपली पुस्तके उघडून पाहा. मी नऊ वर्षांनी सापडले. बाईंची नऊ वर्षे कुठल्याच पुस्तकात सापडायची नाहीत.