विदोसावाच्या छातीतला धोंडा

दरड कोसळून व्लादान गेला, त्या दिवशी त्याच्या आईच्या, विदोसावाच्या तोंडून हुंदकासुद्धा फुटला नाही. मॉन्टेनेग्रोच्या त्या डोंगरात आईनं थडग्याशी उभं राहून विलाप गायचा असतो. विदोसावाला दमच पुरेना, शेवटी जाऊबाईंनी गायला. बायका म्हणाल्या, "दुःखानं वाचाच बसली हो बिचारीची!" तेव्हापासून छातीवर धोंडा होता. लेकाचं दुःख म्हणून विदोसावा तो जपत आली. धापा टाकत मेंढ्यांमागे चालायची, पण डॉक्टरचं नाव काढू द्यायची नाही. गावात तिच्या दुःखाला मान होता, आणि मान कुणाला नको असतो?

यंदा ती मेंढवाड्यात कोसळली, तशी लेक सेन्का तिला ओढतच राजधानीला घेऊन गेली. एक्स-रे फोटोत उजवी छाती पांढरीफटक. लाखात एखाद्याला होणारी गाठ, डॉक्टर म्हणाले. कॅन्सर नाही, पण फुप्फुस पार चेपलंय, काढायलाच हवी.

"थोडी ठेवा," विदोसावा म्हणाली.

"मावशी, गाठ आहे ती! चीज नव्हे, थोडं उद्याला ठेवायला!"

सेन्का हसली. विदोसावा हसली नाही.

फासळ्या फाकवून काढलेली गाठ कलिंगडाएवढी निघाली. शुद्धीवर आल्यावर विदोसावानं श्वास घेतला, तो आत जातच राहिला. तिनं मनातल्या मनात लेकाचं नाव घेऊन पाहिलं. काही हललं नाही. शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी नाव घ्यावं तसं.

"कधीपासून होती ही?"

"एवढी वाढायला दहा-बारा वर्षं तरी लागतात," डॉक्टर म्हणाले.

व्लादानला जाऊन सहाच वर्षं झाली होती.

"म्हणजे थडग्यापाशी माझा दम..."

"गाठीनंच कोंडला, मावशी. दुसरं काय?"

घरी ती दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहिली. बायका कॉफी-साखर घेऊन आल्या, "हलकं वाटतं ना आता?" विचारून गेल्या. हलकं कसलं! काहीच वाटत नव्हतं. इतकी वर्षं आपण मांसाचा गोळा कुरवाळला आणि पोराला मुक्यानं मातीत घातलं, हे कळत होतं. दुखत मात्र नव्हतं.

एका रविवारी ती उठली आणि दफनभूमीची चढण चढू लागली. कुठंही थांबावं लागलं नाही, याचाच तिला राग आला. सेन्का मागून धावत आली, तोवर विदोसावानं डोक्यावरचा काळा रुमाल सोडला होता. थडग्यावर दोन्ही हात टेकून ती छाती भरून घेत होती.

"आई, नको! आतले टाके उसवतील!"

"उसवू देत," विदोसावा म्हणाली, आणि तिनं गळा काढला.

"व्लादाना, उशीर झाला रे तुझ्या आईला..."