लसूण बरोबर पडलाय

ताई ज्या हॉटेलात स्वयंपाकाला होती, त्याचे मालक त्या दिवशी तिच्या घरी जेवायला येणार होते. जेवायला कसलं, परीक्षाच ती. मुख्य आचारी काम सोडून चालला होता. ताईच्या हातची शिंपल्यातली कालवं मालकांना पसंत पडली, की त्याची जागा ताईला.

अशा वेळी शहाणा भाऊ गुपचूप मदत करतो. मी कुठला शहाणा! कालवं उघडायचं काम माझ्याकडे होतं. सांध्यात चाकू घालायचा, मनगट फिरवायचं, कट् झालं की वरचं कवच हातात.

"आतलं पाणी सांडू नकोस रे टवळ्या," ताई ओरडली.

वरून घालायचं साधंच. लोणी, ठेचलेला लसूण, पावाचा चुरा. मग ओव्हनमध्ये जरा लालसर करून लिंबू पिळायचं. एका शिंपल्यात मी लसणाच्या जागी केकमधला व्हॅनिला इसेन्स टाकला. चांगली दोन टोपणं. ताई शेजारीच उभी. घमघमाट सुटला तरी तिला पत्ता नाही. म्हटलं, आज नशीब जोरावर आहे आपलं.

मालक आले. पहिलं कालव खाल्लं, मान डोलावली, दुसरं उचललं. मी माझा खास शिंपला ताईच्या ताटलीत सरकवला. ती तोंड वाकडं करेल, मला दोन शिव्या घालेल, मालकही हसतील, असा माझा हिशोब.

ताईनं सावकाश चावून गिळलं. डोळे मिटून म्हणाली, "लसूण बरोबर पडलाय."

"गंडलीस!" मी टेबलावर थाप मारली. "लसूण कुठला? व्हॅनिला आहे तो, व्हॅनिला!"

मालक खो खो हसले. मग हळूहळू थांबले. ताईची मान खाली गेली होती, आणि माझा हात अजून टेबलावरच.

"बाई, कधीपासून?" मालकांनी हळूच विचारलं.

"तापातून उठल्यापासून. वास नाही, चव नाही. येईल म्हणतात डॉक्टर."

"अहो, नाटक करतेय ती," मी घाईघाईनं म्हणालो. "मलाच उलटं गंडवतेय."

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

मालकांनी हात पुसले. "तब्येतीला जपा. जागेचं बघू नंतर." ते गेले.

मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. ताईनं ट्रे माझ्यापुढे ढकलला.

"यातलं खा. कशी झालीत सांग. मला कळायला हवं."

मी खाल्लं. लोणी, लसूण, खारं पाणी, सगळं जागच्या जागी. इतकी सुरेख कालवं मी जन्मात खाल्ली नव्हती.

"ताई, एक नंबर झालीत. शप्पथ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ओठांच्या कोपऱ्यात हसू दडलंय का, ते शोधत होती.

"अगं खरंच! मस्करी नाही करत."

"राहू दे रे," ती म्हणाली. ट्रे उचलला आणि शेजारच्या काकूंना चाखायला बोलवायला निघाली.