इंजिन चालू ठेवून

फिल्टर पेपरवर टाकलेला थेंब पसरायचा थांबला, त्याला अकरा मिनिटं लागली. मधोमध वाटाण्याएवढा काळा ठिपका राहिला, त्याभोवती तपकिरी कडं आणि अगदी बाहेर एक फिकट, जवळजवळ रंग नसलेलं रिंगण. शेजारी नव्या डब्यातल्या तेलाचा थेंब टाकला होता. तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता आणि सगळीकडे सारखा पसरला. जुन्या थेंबाला वास होता. पातेल्याच्या बुडाला वरण लागलं की येतो तसा.

हे मी लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत केलं. सेवाग्रामच्या हॉस्पिटलात बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्ताचे आणि लघवीचे नमुने तपासायच्या टेबलावर माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या गाडीच्या गिअरचं तेल ठेवताना थोडा संकोच वाटला, पण विचारायला कोणी नव्हतं.

गाडी १९९८ सालची. म्हणजे आमच्याकडे त्या साली आली. नागपूरच्या एका डॉक्टरांनी ती वर्षभर वापरली होती. बाबूजींचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. त्यांना क्लच दाबता येत नाही आणि ह्या गाडीला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. तोवर ते वर्धेहून आंजीच्या कापडाच्या दुकानात एसटीने जात. रोज कोणीतरी काखेत हात घालून त्यांना पायरीवर चढवायचं आणि आंजीला कोणीतरी उतरवायचं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःची गाडी स्वतः चालवत दुकान गाठलं. तेव्हा आंजीचे लोक गाडीभोवती जमले. ‘हिरालालशेठची गाडी आपल्या आपण चालते, शेठ फक्त बसून राह्यते,’ असं त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणालं. बाबूजी ते वाक्य आठ वर्षं सांगत होते, आणि दर वेळी स्वतःच हसत.

गाडीची देखभाल माझ्याकडे होती. शास्त्र शिकलेली मी एकटीच. निकेश, माझा भाऊ, पुण्याला नोकरीत गेला आणि फोनवर ‘तू पाहून घेजो’ म्हणण्यापुरता उरला. आई होती तोवर ती गाडीला हार घालायची. मी तेल मोजायचे. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जमिनीवर दोन्ही पट्ट्या काढायच्या, पुसायच्या, परत घालून वाचायच्या. एक इंजिनाच्या तेलाची, दुसरी गिअरच्या तेलाची. जुलै १९९८ पासून ऑगस्ट २००६ पर्यंत वहीत अठ्ठ्याण्णव नोंदी आहेत. गिअरच्या तेलाची पातळी तीनदा खुणेखाली गेली, तिन्ही वेळा मी कपभर तेल घालून ती खुणेवर आणली. बाकी सगळ्या नोंदी दोन खुणांच्या मधे.

२००६च्या जूनपासून गाडी ओढेनाशी झाली. आंजीच्या अलीकडच्या चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत राहिल्यासारखी वाटायची. मग एकदम धक्का देऊन पुढे. बाबूजी म्हणत, तिचंही वय झालं.

मला त्याआधीचं एक माहीत होतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात डोळे दाखवायला नेलं होतं. काचबिंदू निघाला. दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. त्यात पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, समोर बघत राहायचं आणि बाजूला कुठे दिवा लागला की बटण दाबायचं. बाबूजी बाहेर आले आणि म्हणाले, ‘मशीन बिघडलेली दिसते. दिवे लय कमी लागले.’

मी छापील कागद पाहिला. डाव्या डोळ्याचं क्षेत्र जवळजवळ पूर्ण काळं होतं. उजव्याचं नाकाकडचं अर्धं काळं होतं. दोन्ही कागद एकावर एक धरले तर डावी बाजू उरलीच नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की थेंब घातले तर आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. आणि गाडी चालवणं आजच बंद करायला सांगा. मी हो म्हटलं. बाहेर येऊन बाबूजींना म्हटलं, रोज दोन वेळा थेंब घालायचे आहेत, बाकी ठीक आहे. कागद लॅबमधल्या माझ्या खणात ठेवला.

पुढच्या आठवड्यात सांगू असं ठरवलं होतं. मग आईचं वर्षश्राद्ध आलं. मग उन्हाळ्यात लग्नसराईचा धंदा. मग पाऊस.

रविवारी मी त्यांच्यासोबत डावीकडच्या सीटवर बसून आंजीला जायचे आणि ‘सायकल आहे’, ‘बैलबंडी आहे’ असं म्हणत राहायचे. हे मी केव्हापासून करत होते ते मला आठवत नाही. बाकीच्या वारी माझी ड्यूटी असायची. तेव्हा डावीकडे कोणी नसायचं आणि आंजीच्या शाळेची पोरं तर सकाळी त्याच रस्त्याच्या डाव्या कडेने सायकलवर जातात.

जुलैत गाडीचा डावा आरसा फुटून आला. बाबूजी म्हणाले, बाजारात उभी असताना कोणीतरी धक्का मारला असेल. आरशाच्या कडेवर काळ्या रबराचा ओरखडा होता, जमिनीपासून एक्याण्णव सेंटिमीटरवर. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या स्टँडवर मी सहा सायकलींच्या हँडलच्या मुठींची उंची मोजली. अठ्ठ्याऐंशी ते चौऱ्याण्णव. ते आकडे मी कुठे लिहिले नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही गाडी हरिदासभाऊंकडे नेली. आर्वी नाक्याच्या पुढे त्यांचं एकट्याचं गॅरेज आहे. पूर्वी बरीच वर्षं ते नागपुरात होते, तिथे असल्या गाड्यांवर हात बसलेला. वर्धेत बाकीचे मिस्त्री ह्या गाडीचं बॉनेट उघडून परत लावून द्यायचे.

बाबूजी कडुनिंबाखालच्या बाकावर चहा घेत बसले. मी हरिदासभाऊंना फिल्टर पेपर दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि विचारलं की तेल कधी बदललं होतं. कधीच नाही, मी म्हटलं, पण दर महिन्याला मोजलं आहे. आणि वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. अक्षर छान आहे म्हणाले. मग विचारलं, मोजताना इंजिन चालू होतं की बंद?

बंद, मी म्हटलं. सकाळी, गार असताना.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग त्यांनी इंजिन चालू केलं, गाडी तापू दिली, ब्रेक दाबून दांडा एकेका गिअरमधून फिरवून परत जागेवर आणला आणि इंजिन चालू ठेवूनच मला पट्टी काढायला सांगितली. मी काढली, पुसली, परत घातली, काढली. टोकाला तेलाचा ओशटपणा होता, बाकी पट्टी कोरडी.

हरिदासभाऊंनी समजावलं त्यात अवघड काही नव्हतं. गाडी बंद असली की वर चढलेलं तेल उतरून खाली जमा होतं आणि पट्टीवर भरपूर दिसतं. इंजिनाच्या तेलाची रीत वेगळी, ह्या तेलाची वेगळी. ते गाडी चालू असतानाच मोजायचं असतं. आठ वर्षं गिअरचा डबा अर्धपोटी चालला होता, म्हणून तेल जळलं. ते हळू बोलले, बाबूजींना ऐकू जाणार नाही असं. मी अठ्ठ्याण्णव वेळा अचूक वाचलं होतं, चुकीच्या वेळी.

आता करायचं काय, तर दोन रस्ते होते. खालचा बोल्ट काढला की निम्मं तेल उतरतं, तेवढंच नवं भरायचं, पंधरा दिवसांनी परत तसंच करायचं. किंवा तेल थंड करणाऱ्या जाळीची नळी सोडवून, इंजिन चालू ठेवून, एकीकडून नवं ढकलत दुसरीकडून जुनं सगळं काढून टाकायचं. पूर्ण धुऊन.

‘पूर्ण धुऊन टाका,’ मी म्हटलं.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘ताई, मंग मी जबाबदार नाई. जुन्या डब्यात प्लेटांची झीज तेलातच मिसळून असते. तिच्याच भरोशावर पकड टिकून राह्यली. एकदम साफ केलं तं आज चालन, उद्या जाग्यावर बसन. आन् हा डबा आता कुठी भेटत नाई.’

मला हे ठाऊक होतं. ते बोलण्याआधीच ठाऊक होतं. आठवडाभर मी ह्या विषयावर सापडेल ते वाचत होते.

गाडी बसली असती. बाबूजींना गाडीचं वाईट वाटलं असतं, माझं नाही. खणातला कागद खणातच राहिला असता. एक डबा खराब होणार, एवढंच. कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं. मी बाकाकडे पाहिलं. बाबूजी रस्त्याने जाणाऱ्या कोणाशीतरी बोलत होते आणि आमच्या गाडीकडे हात करून काही सांगत होते. तो माणूस हसला. ते तेच वाक्य असणार.

‘अर्धंच बदला,’ मी म्हटलं.

बोल्ट निघाला आणि तेल घमेल्यात पडू लागलं. काळं, पातळ, वाफ येणारं. निघालेलं मोजून तेवढंच नवं भरावं म्हणून मी घरून मापाचा जग आणला होता. हरिदासभाऊंनी घमेलं गाडीखालून ओढून बाकासमोरच्या मोकळ्या जागेत निवायला ठेवलं. ते तिथे अर्धा तास होतं. उन्हात, मोकळ्या फरशीवर, बाकावरून येणाऱ्या दोन हात रुंद वाटेच्या डाव्या कडेला.

बाबूजींना काय निघालं ते बघायचं होतं. ते उठले, डाव्या काखेत कुबडी घेतली, माझ्याकडे बघत तीन पावलं आले. चौथ्या पावलाला कुबडीचं टोक घमेल्याच्या काठावर पडलं. घमेलं कलंडलं. तेल फरशीवर पसरलं, त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत उडालं. हरिदासभाऊंनी त्यांना धरलं म्हणून ते पडले नाहीत.

‘हे इथी कोणं ठेवलं?’ बाबूजी म्हणाले.

‘माहीच चूक, शेठजी,’ हरिदासभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे न बघता लाकडाचा भुसा आणायला गेले.

बाबूजींनी मान वळवली. पूर्ण, खांद्यापर्यंत, तेव्हा त्यांना घमेलं दिसलं. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी मान सरळ केली. मग परत वळवली.

माप गेलं होतं. आता नवं तेल पट्टी बघत बघतच भरावं लागणार होतं, इंजिन चालू ठेवून. बाबूजी स्टिअरिंगवर बसले, उजवा पाय ब्रेकवर. हरिदासभाऊ सांगतील तसा दांडा फिरवत होते. पट्टीच्याच नळीत लांब नरसाळं लावून हरिदासभाऊ थोडं थोडं ओतत, थांबत, आणि मी पट्टी काढून वाचत होते. अजून. अजून. थोडं. खुणेला तेल लागलं तेव्हा ते लाल दिसत होतं, पूर्ण लाल नाही, मधलं. तेवढी एकच नोंद खरी होती. मी ती वहीत लिहिली.

हरिदासभाऊ शेजारी बसले आणि बाबूजींनी गॅरेजसमोरच्या मोकळ्या मैदानात गाडी फिरवली. दोन फेऱ्या. मी उभी राहून ऐकत होते. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, धक्का नाही, इंजिनाचं ओरडणं नाही. मैदानाच्या डाव्या कडेला एक बकरी बांधलेली होती. गाडी तिच्या किती जवळून गेली ते मी पाहिलं. हरिदासभाऊंनीही पाहिलं, कारण त्यांचा हात स्टिअरिंगकडे गेला होता.

गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. हरिदासभाऊ उतरले आणि नळावर हात धुवायला गेले. खूप वेळ धूत राहिले. बाबूजींनी काच खाली केली. पायजम्यावरचे डाग वाळून तपकिरी झाले होते. आईच्या जाण्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

‘माहा पाय वापस आला,’ ते म्हणाले. ‘बस. आंजीपावतर चक्कर मारून येऊ.’

मला डावीकडे जाऊन बसायचं होतं. दार उघडायचं, बसायचं, आणि सायकल आहे, बंडी आहे. उद्या सोमवार होता. माझी ड्यूटी आठची होती, शाळा साडेसातची.

मी उजवीकडेच थांबले. खिडकीतून हात आत घातला आणि इंजिन बंद केलं. चावी काढली. ती गरम होती. बाबूजी माझ्याकडे बघत होते, सरळ, मला त्यांच्या उरलेल्या तुकड्यात ठेवून.

त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. मैदानात फेऱ्या मारायच्या आधीच, घमेल्यापाशीच कळलं होतं. पण ते म्हणणार नव्हते. ते म्हणण्याचं काम फेब्रुवारीपासून माझ्याकडे होतं.

‘बाबूजी, ते मशीन बिघडलेलं नव्हतं,’ मी म्हटलं. ‘दिवे सगळे लागले होते. डावीकडचे तुमाले दिसले नाई. मले तवाच समजलं होतं, मी सांगतलं नाई. आजपासून गाडी तुमी चालवाची नाई.’