एकेरी शिवण

भागीरथा आली नव्हती आणि येणारही नव्हती. चार वाजता कबड्डीचा अंतिम सामना, आणि मंडळाची सगळ्यात दांडगी चढाईपटू तांडापेठेत घरी बसलेली. प्रशिक्षक सिंधूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती आदल्या दिवसापासून.

उपांत्य सामन्यात सावनेरच्या तिघींनी भागीरथाला धरलं होतं. ती नेहमीसारखी मुसंडी मारून निघाली, मधल्या रेषेला हातही लावला. पण अंगातली नवीकोरी जर्सी काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवली. गर्दीतून शिट्ट्या आल्या. सिंधूताईंनी धावत जाऊन पोरीला पदराखाली घेतलं. तिचा बाप रुपराव, हातमागावरचा माणूस. पोरीला हाफपँटीत खेळू द्यायला तो वर्षभर तयार नव्हता; सिंधूताईंनी त्याच्या घरी खेटे घालून त्याला कसंबसं राजी केलं होतं. तो लेकीला सायकलवर बसवून घरी घेऊन गेला.

जर्सी 'विजेता' कंपनीची, आणि कंपनी भैयाजींची. हे भैयाजी काही आभाळातून पडले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी इतवारीच्या बोळात एका मशीनवर कपडे शिवायचे आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचे. तेव्हाच्या त्यांच्या जर्सीला काखेत दुहेरी शिवण असायची, वरून पट्टी. पकडीत कापड कुठे फाटतं, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. मग शाळांची कंत्राटं मिळाली, माल रायपूर-जबलपूरला जाऊ लागला, बर्डीच्या मोठ्या बाजारात काचा लावलेलं कपड्यांचं दुकान झालं. आता स्पर्धा त्यांची, ढाल त्यांची, मैदानाभोवतीच्या फलकांवर नाव त्यांचं. पोरींच्या छातीवर मंडळाचं नाव असायचं, तिथेही त्यांचंच. मंडळाचं नाव पाठीवर, तेही मुंगीएवढं. आणि सचिवापासून पंचापर्यंत सगळे त्यांच्यापुढे हात बांधून उभे.

सिंधूताईंनी उरलेल्या पोरींना जुने सुती सदरे घालून मैदानात उतरवलं. ते पाहून भैयाजी स्वतः मांडवातून खाली आले.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही? कंपनीचे कपडे कुठी आहेत?"

"हे घ्या." सिंधूताईंनी जर्सींचं गाठोडं त्यांच्या पायाशी टाकलं. "काल पाहत होते ना तुम्ही, खुर्चीत बसून?"

"एखादा पीस खराब निघते, बाई. दुसरा देतो."

"सगळे तसेच आहेत. एकेरी शिवण आहे. तुमाले, खेळलेल्या माणसाले, हे मी सांगू काय? तुमच्या पोरीले घालून द्याल हा कपडा? आणाल इथी, या लोकाइसमोर?"

भैयाजींनी आजूबाजूला पाहिलं. फोटोवाला कॅमेरा घेऊन उभा होता. "मले शिकवू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "कपडे घालत असान तर खेळा, नाही तर संघ बाद. अन् कपडे घेतानी तर तुम्ही काही बोलल्या नाही!"

"बाद तर बाद!" सिंधूताई ओरडल्या. पंचाने भैयाजींकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि न खेळताच ढाल काटोलच्या संघाला गेली. पोरी रडत घरी गेल्या. त्यांना समजावण्याइतकाही धीर सिंधूताईंना नव्हता. त्या तडक रिक्षात बसून तांडापेठेत गेल्या. अख्ख्या मैदानासमोर आपण भैयाजीला कसं सुनावलं, हे भागीरथाला कधी एकदा सांगते असं त्यांना झालं होतं. आपल्यासाठी बाईंनी ढाल सोडली, हे कळलं की पोरगी परत खेळायला येईल, बापही विरघळेल, याची त्यांना खात्री होती.

रुपराव मागावर बसला होता. भागीरथा खाली बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती. सिंधूताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, भैयाजीला चार शिव्याही हासडल्या. "त्या माणसाले सगळं माहीत होतं वं! माहीत असून दिले त्यानं ते कपडे!"

भागीरथाने वर पाहिलं. "बाई, कपडे आले त्या दिवशी तुम्ही माही जर्सी उलटी करून काखेत बोट फिरवलं होतं. मी पाहत होती. तुमाले तवाच समजलं ना?"

मागाचा आवाज थांबला.

समजलं होतं. बोटाखाली एकच टीप लागली, तेव्हाच समजलं होतं. पण त्याच दिवशी भैयाजींनी राज्य स्पर्धेला जायचा सगळ्यांचा प्रवासखर्च कबूल केला होता, पोरी नव्या कपड्यांत नाचत होत्या, आणि सिंधूताईंनी ती जर्सी सरळ करून, घडी घालून भागीरथाच्या हातात दिली होती. दोन दिवस त्यांनी साऱ्या गावावर राग काढला. तेवढी ही एक गोष्ट मनात येऊ दिली नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "समजलं होतं."

पोरगी रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती खाली मान घालून सूत गुंडाळू लागली. रुपराव मागावरून उठला, दारापर्यंत आला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही जा आता. अन् दुसऱ्याच्या पोरीले बोलवाले पुन्हा कोणाच्याच घरी जाऊ नका."