फांदीवर बसवलेली पाकोळी

मी पाकोळी बोलतेय. फांदीवर बसलेली दिसतेय ना? तिथेच मला पहिली किळस येते. आम्ही पाकोळ्या फांदीवर बसतच नाही. आमचे पाय भिंतीला लटकण्यापुरते. घरटं सोडलं तर सारा जन्म हवेत.

या संग्रहालयाच्या खिडकीवर आपटून मी मेले. इथल्या साहेबांच्या मेहुण्याला पेंढा भरायची हौस. त्याने माझं पोट फाडलं, कापूस कोंबला, उग्र वासाची पूड चोळली आणि पायांतून तार ओवून मला काचेच्या पेटीतल्या फांदीला आवळलं.

"अरे, हे बसतात का फांदीवर?" साहेबांनी विचारलं.

"भाऊजी, पक्षी म्हटला की फांदी आलीच! लोकांनी काय भिंतीला चिकटलेली पाल बघायची?"

"बरं बाबा. तुझ्या ताईला तेवढं सांग, मी तुझं ऐकतो म्हणून."

शेजारच्या फांदीवर दूरच्या खंडातली पाकोळी. ती खोक्यातून, भुशात गुंडाळून आली. मी काळी, कमरेवर पांढरा पट्टा. ती धुरकट तपकिरी, शेपटीच्या पिसांना काट्यांसारखी टोकं. मी हवेत तरंगणारी पिसं, गवताच्या काड्या झेलून छताखाली घरटं चिकटवायची. ती उडता उडता वाळक्या डहाळ्या पायांनी मोडायची आणि धुरांड्याच्या आत चिकटवायची. चिकटवायला दोघींनाही आपली थुंकीच. तिकडे लोक धुरांड्यांना झाकणं बसवतात म्हणे.

आमच्या थुंकीने घर उभं राहतं. माणसाची थुंकी मी रोज बघते. बोट चाटून आमच्या काचेवर बदाम काढतात, चघळलेला गोळा पेटीखाली चिकटवतात, आणि आम्हाला बघून म्हणतात, "शी, मेलेत!"

मग याच दालनाच्या छताला एका जिवंत जोडीने घरटं केलं. पिल्लांचा किलबिलाट सुरू झाला. बंद पेटीतही मला हवा आल्यासारखं वाटलं. ही उडेपर्यंत कुणी वर बघू नये, एवढंच मागत होते.

पण मोठे साहेब तपासणीला यायचे होते. आमच्या साहेबांनी काचेवरची विष्ठा पाहिली.

"हे काय घाणेरडं! काढ ते घरटं."

"भाऊजी, आत पिल्लं आहेत. थोडे दिवस..."

"मोठे साहेब काय पिल्लं उडेपर्यंत दारात उभे राहणार? काढ म्हणतो ना!"

मेहुण्याने आधी फडक्याने आमच्या पेटीवरच्या पाटीची धूळ पुसली: 'पाकोळी डास खाते. तिची घरटी जपा.' मग शिडीवर चढून त्याच फडक्याने नाक बांधलं आणि बांबू घातला.

घरटं माझ्या डोक्यावरच्या काचेवर फुटलं. एक पिल्लू थोडा वेळ चोच उघडत राहिलं. मेहुणा वाकला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं काहीतरी आलं, आणि लगेच गेलं.

"भाऊजी, पिल्लाचा नमुना आपल्याकडे नव्हताच की!"

आता ते आमच्या दोघींच्या मधे आहे. फांदीवर, तारेने आवळलेलं. मोठ्या साहेबांनी काचेला नाक लावलं. "वा! आई, बाबा, बाळ! अख्खं कुटुंबच आहे की!"

आमचे साहेब मान डोलावत हसले. दुसऱ्याच दिवशी पाटी आली: 'पाकोळी कुटुंब'.

बाबा म्हणजे ती, दुसऱ्या खंडातली. आई म्हणजे मी.

खरी आई अजून येते. छताच्या त्या रिकाम्या डागाला लटकते, उडते, परत येते. तुम्ही आलात तर माझ्याकडे बघू नका. काचेला हातही लावू नका. फक्त एकदा मान वर करा.