दोन जाळ्यांमधला पडदा

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पण तुमच्या ओळखीतला नव्हे. तुमचा हेडफोन खिशात मावतो आणि बसमध्ये, बागेत, शाळेच्या वाटेवर तुमच्याबरोबर हिंडतो. मी आजवर बाग पाहिलेली नाही. माझी चपटी, जाड वायर धातूच्या एका पेटीत जाते आणि त्या पेटीशिवाय मी ठार मुका आहे. माझ्या पडद्याला शेकडो व्होल्टचा ताण लागतो, आणि तो फक्त ती पेटीच देऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात माझा प्लग बसत नाही. पेटी कपाटावर, कपाट भिंतीला टेकलेले आणि मी वायरच्या टोकाला. दावणीचे जनावरही माझ्यापेक्षा जरा लांब जात असेल.

माझा जन्म जपानमधल्या साइतामातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कुसाकाबाई नावाच्या कारागीर होत्या, त्यांनी मला घडवले. डोक्याला पांढरी टोपी, हातात मोजे, आणि तोंडाला फडके, कारण त्यांचा श्वाससुद्धा माझ्यावर पडून चालणार नव्हता. केसापेक्षा कितीतरी पातळ असा एक पारदर्शक पडदा त्यांनी ताणला आणि बारीक भोकांच्या दोन जाळ्यांच्या मधोमध बसवला. असा एक डावीकडे, एक उजवीकडे. वीज खेळली की तो पडदा थरथरतो, आणि ते थरथरणे म्हणजेच माझा आवाज. पण त्याने या जाळीला टेकायचे नाही आणि त्या जाळीलाही टेकायचे नाही. दोघींच्या मधे, कायम ताणलेले राहायचे.

"अवघड आहे रे तुझं," कुसाकाबाई शेवटचा स्क्रू आवळताना म्हणाल्या. "हलायला जागाच नाही तुला."

आणखी एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. माझ्याकडे स्वतःचे असे बोलणे नाही. वायरमधून जे येईल तेवढेच मी सांगू शकतो. पुढे याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

मला विकत घेतले तेत्सुओ मुनाकाता यांनी. ते पियानो जुळवायचे. शाळांचे, सभागृहांचे, घराघरांतले पियानो. सुरातला एवढासा फरकही त्यांच्या कानातून निसटत नसे. उरावामधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची पत्नी सायोकोबाई राहत. आधी त्यांच्याकडे मोठे स्पीकर होते, पण खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. शेवटी स्पीकर गेले आणि मी आलो.

मला खोक्यातून काढताना सायोकोबाई दारात उभ्या होत्या.

"किती पडले?"

"सांगतो. आधी चहा टाक."

"म्हणजे सांगण्यासारखी किंमत नाही."

मुनाकाता घसा खाकरत म्हणाले, "पेटी धरून... एका छोट्या मोटारीएवढे."

"मग मोटारच आणायची होती! निदान दोघं बसलो असतो तिच्यात."

मुनाकाता हसले. सायोकोबाई हसल्या नाहीत.

त्यानंतरची वर्षे माझ्या कौतुकाची. जेवण झाले की मुनाकाता हात धुऊन, नीट पुसून यायचे. माझ्यासारख्याला ओलावा चालत नाही. मग पेटीचा दिवा लागायचा. गायिकेचा श्वास, वादकाच्या नखाची पियानोच्या पट्टीवर झालेली टकटक, तारेवर पडणाऱ्या हातोडीचा मऊ लोकरी स्पर्श, हे सगळे मी त्यांच्या कानात अलगद ठेवायचो. ते डोळे मिटून मोठ्याने "वा!" म्हणायचे. आपण किती मोठ्याने बोललो ते त्यांना कळत नसे. समोर सायोकोबाई तेंदूसारखी गोड, केशरी 'काकी' नावाची फळे सोलत दिवसभरातले काहीबाही सांगत असायच्या. उत्तर येत नाही म्हटल्यावर हळूहळू त्यांनी सांगणे सोडले.

मी मागच्या बाजूने उघडा आहे, त्यामुळे माझा थोडा आवाज बाहेरही पडतो. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "तुमच्या कानात अख्खा वाद्यवृंद, आणि माझ्या वाट्याला डास!"

मुनाकातांचे मित्र यायचे, मला कानावर चढवायचे आणि माना डोलवायचे. एकाने स्पष्टच विचारले, "चांगल्या साध्या हेडफोनच्या दसपट पैसे घातलेस. दसपट चांगला आहे का रे?"

"छे! शेवटचा एक घास जास्त मिळतो, बस," मुनाकाता म्हणाले. "पण त्या घासाची चव लागली की मग सुटत नाही."

असे दिवस चालले होते. मग एका जूनमध्ये, हवा चिकट झालेली असताना, त्यांनी मला कानावर घातले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डावीकडचा बसलाय," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्या दोन्ही बाजू ठणठणीत होत्या! पण आमच्या जातीला दमट हवेत हा आजार खरेच होतो. ओलावा शिरला की एका बाजूची वीज गळते आणि आवाज मंदावतो. त्यामुळे त्यांचे म्हणणे कुणालाही पटले असते. कॅमेरे कोरडे ठेवण्यासाठी त्यांच्याकडे काचेचे एक घट्ट बंद होणारे कपाट होते. त्यात त्यांनी मला वाळायला ठेवले. बाहेर काढले, ऐकले, पुन्हा आठ्या. पुन्हा कपाटात. असे बरेच दिवस गेले. दोष माझ्यात नाही, हे मला ओरडून सांगायचे होते. पण मी ओरडणार कशाने? वायरमधून पियानो येत होता आणि मला पियानोच वाजवावा लागत होता.

शेवटी त्यांनी मला कारखान्यात पाठवून दिले. कुसाकाबाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी मला उघडले, मोजले, पुन्हा मोजले आणि मग टेबलावरचा फोन उचलला. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते, पण त्या म्हणाल्या, "सायोकोबाई का? मुनाकाता बाहेर गेलेत? बरं, मग तुम्हालाच सांगते. हेडफोनमध्ये काहीच बिघाड नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना एकदा तो उलटा घालून बघायला सांगा. डावी बाजू उजव्या कानावर. बिघाड हेडफोनचा असेल तर तो बाजू बदलेल. नाही बदलला तर... तर वेळ घालवू नका."

मी घरी परतलो. मुनाकातांनी ऐकले आणि मला टेबलावर जवळजवळ आपटलेच.

"तसाच आहे. हात लावलेला दिसत नाही त्यांनी."

"बाईंचा फोन आला होता," सायोकोबाई म्हणाल्या. "उलटा घालून बघा म्हणाल्या."

"उलटा घालायची वस्तू नाही ती."

"एकदा बघायला काय जातंय?"

"सांगितलं ना, नाही म्हणून!"

मित्रांनो, सगळे आयुष्य सूर तपासण्यात घालवलेला हा माणूस. अशी परीक्षा घ्यायला त्यांना एक क्षण पुरला असता. पण ती त्यांनी घेतली नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्यांना पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती आणि त्या भीतीवर माझे झाकण ठेवून ते बसले होते.

सायोकोबाईंनी मला उचलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी मला आपल्या डोक्यावर घातले आणि पियानोचे संगीत सुरू केले. आधी त्या नुसत्याच दचकल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले, मग भरून आले.

"दोन्हीकडून येतंय," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला काही कळत नसेल. पण दोन कान आहेत मला, आणि दोन्हीकडून येतंय."

त्या त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. मला उलटे फिरवून त्यांनी मला मुनाकातांच्या डोक्यावर ठेवले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले, ते काढू नयेत म्हणून.

"आता कुठे कमी येतंय?"

तेच संगीत, तोच मी, फक्त बाजू बदललेल्या.

"अहो, कुठे कमी येतंय?"

मुनाकातांनी हात उचलला आणि आपल्या डाव्या कानाला लावला.

"उठा. जाकीट घाला," सायोकोबाई म्हणाल्या.

"उद्या जाऊ. आज पियानो जुळवायला जायचंय, त्या शाळेत..."

"उद्या नाही. आत्ता."

संध्याकाळी दोघे डॉक्टरांकडून परतले, तेव्हा कुणीच दिवा लावला नाही. त्यांच्या बोलण्यातून मला समजले ते एवढेच: असा अचानक गेलेला कान पहिल्या काही दिवसांत औषध मिळाले तर पुष्कळदा परत येतो. मुनाकाता ते दिवस मला वाळवण्यात घालवून बसले होते. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली. थोडे परत आले, बरेचसे आले नाही. हातोड्या, किल्ल्या असा सारा सरंजाम त्यांनी कामातल्या एका जोडीदाराला देऊन टाकला आणि पियानो जुळवणे सोडले.

आणि मला त्यांनी त्याच काचेच्या कपाटात ठेवले. या वेळी वाळायला नव्हे.

त्या कपाटाच्या दाराला रबर आहे. दार लागले की बाहेरचा एकही आवाज आत येत नाही. माझी वायर गुंडाळून बांधलेली, शेजारी कॅमेरे आणि ओलावा मोजणारा एक काटा. तो काटासुद्धा हलत नसे. माझे जगच आवाजाचे, आणि मला दिसायचे ते सगळे मुके. मुकी चहाची किटली, मुका टीव्ही. गॅलरीत मुक्या गाद्या वाळायच्या आणि सायोकोबाई त्या मुक्यानेच झोडपायच्या. मुनाकातांनी आपली खुर्ची फिरवून घेतली होती. त्यामुळे मला दिसायची फक्त त्यांची पाठ. सायोकोबाई आता जेवताना त्यांच्या उजव्या बाजूला बसत. बोलत मात्र दोघेही कमीच.

माझ्या कानगादीचे कातडे सुकून सोलपटू लागले. आधी मला मुनाकातांचा राग आला, मग दया आली. मग नुसतीच वाट पाहणे उरले. पण वाट कशाची? दोन जाळ्यांमधे ताणलेला पडदा, आणि तो ज्यात बसवला तो हेडफोन काचेत बंद. पाठमोरा बसलेला तो माणूसही माझ्याहून फार मोकळा नव्हता, हे मात्र मला रोज दिसत होते. सायोकोबाई काच पुसायच्या. पुसताना कधी कधी त्यांचा हात दारावर थांबायचा आणि मग खाली यायचा.

अशी वर्षे गेली. एक दिवस दार उघडले आणि आवाज एकदम आत कोसळले. मुनाकाता म्हणत होते, "विकून टाकू. उगाच पडलाय."

मला बघायला नीइमी नावाची एक तरुण मुलगी आली. पाव भाजण्याच्या दुकानात कामाला होती. गळ्यात स्वतःचा साधा हेडफोन. पेटीचा दिवा लागला आणि माझा पडदा पुन्हा ताणला गेला. मी जीव तोडून वाजलो! तिने मला ऐकले, मग तिचा साधा ऐकला, मग पुन्हा मला. बराच वेळ तिचे असे चालले होते.

शेवटी तिने मला काढून ठेवले. "खरं सांगू का? रागावू नका हं. छान आहे, खूपच छान आहे. पण माझ्या साध्यात आणि यात पैशाएवढा फरक काही मला कळला नाही."

तिने वाकून माफी मागितली, आणलेली पावाची पिशवी सायोकोबाईंच्या हातात दिली आणि गेली.

मुनाकाता लालबुंद झाले. "फरक कळला नाही म्हणे! काय ऐकलं हिने? दगड ऐकला?"

"आवडला नाही तिला. त्यात काय एवढं?"

"आवडण्याचा प्रश्नच नाही! पडदा सैल झाला असणार, त्याशिवाय..." असे बडबडत त्यांनी मला उचलले आणि रागाच्या भरात कानावर चढवले. आपण काय केले हे त्यांच्या नंतर लक्षात आले. त्यांनी मला काढायला हात वर नेला. पण हात तिथेच थांबला.

सायोकोबाई त्यांच्या उजवीकडे येऊन बसल्या. माझी ती बाजू जरा उचलून त्यांनी विचारले, "काय ऐकू येतंय?"

एरवी त्यांनी हात हलवून गप्प केले असते. आज ते हळूच म्हणाले, "गायिका श्वास घेतेय. ओळ सुरू करायच्या आधी."

"आणि?"

"कुणीतरी पान उलटतंय."

"आणि डावीकडे?"

मुनाकातांनी मला डोक्यावरून काढले आणि सायोकोबाईंच्या डोक्यावर ठेवले. "डावीकडचं तू सांग."

त्यांनी डोळे मिटले. "जड सूर आहेत. पियानोचे. आणि... काहीतरी करकरतंय. लाकूड असावं. दर वेळी सुरांच्या जरा आधी."

"पेडल!" मुनाकाता ओरडलेच. "पेडल आहे ते! बिजागरी सुकलीय त्याची. नीट ऐक, सोडताना पण करकरतं का?"

"थांबा जरा, ऐकू तर द्या! ...हो. सोडताना पण."

"मी असतो तर तेल दिलं असतं," मुनाकाता म्हणाले आणि चेहरा ओंजळीत लपवून कितीतरी वेळ हसत राहिले. हसतच होते असे मला वाटते.

मित्रांनो, मी माझ्या किमतीचा आहे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. नीइमी खोटे बोलली नाही. तुमच्याजवळ साधा हेडफोन असेल तर त्यात काही कमीपणा मानू नका. वायर माझ्या गळ्यात अजून आहेच आणि बाग मला दिसणार नाही. पण त्या काचेत मात्र मी परत गेलेलो नाही. मी टेबलावर असतो आणि रोज वाजतो. कधी सायोकोबाई सांगतात, कधी मुनाकाता.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. एखादी वस्तू तुम्हाला नकोशी झाली तर ती ज्याला हवी त्याला द्या, पण आपले दुःख तिच्यासोबत कपाटात कोंडून कुलूप लावू नका. आणि कधी एका कानाला अचानक कमी ऐकू आले, तर माझ्यासारख्या मुक्यावर आळ घेत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा. आम्ही वस्तू तुमची खूप वाट बघू शकतो. तुमचे कान वाट बघत नाहीत.